दफ्तराचा रकाना आणि संगणकाची फाईल

लिहिणें आणि मांडून लिहिणें या दोन निराळ्या विद्या आहेत. पहिली शाळेंत येते. दुसरी बहुधा नोकरींत शिरल्यावर आणि एखाद्या वडीलधाऱ्या कारकुनाचीं बोलणीं खाल्ल्यावर येते. पुण्यांत आज असंख्य मुलेंमुली संगणकाच्या आज्ञावली लिहावयास शिकत आहेत. त्यांच्या आरंभींच्या धड्यांत एक धडा ठरलेला असतो: कांहीं नांवें व कांहीं आंकडे घ्यावे, ते ओळीनें रकान्यांत बसवावे, आणि एका फाईलींत लिहून ठेवावे. धडा दिसावयास क्षुल्लक आहे. शिकणारीं मुलें तो तासाभरांत उरकतात व पुढें जातात. परंतु याच शहरांत सुमारें अडीचशें वर्षांपूर्वीं नेमक्या याच कामासाठीं दोनशें माणसें पदरीं बाळगलेलीं होतीं, आणि त्यांच्या मांडणीवर राज्याचा वसूल, सरदारांचे सरंजाम व गांवोगांवच्या कुटुंबांचीं इनामें उभीं होतीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे या धड्याकडे जरा थांबून पाहावेंसें वाटतें.

शनिवारवाड्याच्या आश्रयानें वाढलेलें हुजूर दफ्तर थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत आणि विशेषतः नाना फडणिसांच्या देखरेखीखालीं पूर्ण स्वरूपास आलें. त्या दफ्तराचा कारभार एकाच खोलींत एकाच वहीवर चालत नसे. फडावर हुकूम व सनदा लिहिल्या जात आणि दररोजची रोजकीर्द ठेविली जाई. गांवांचे व महालांचे हिशेब बेहेड्याकडे येत. फौजेच्या व जहागिरींच्या बाबी सरंजामाकडे जात. या सर्वांचें सार शेवटीं एकबेरीज दफ्तरांत उतरे. तेथें जमा, खर्च व शिल्लक यांचा गोषवारा म्हणजे तर्जुमा तयार होई, आणि निरनिराळ्या बाबींखालीं वर्षवार खतावणी होई. म्हणजे एकच रक्कम प्रथम तारखेच्या क्रमानें लिहिली जाई आणि मग बाबीच्या क्रमानें पुन्हा लिहिली जाई. कोणत्या दिवशीं काय घडलें हें विचारणाऱ्यास एक वही, आणि अमक्या खात्यावर साऱ्या वर्षांत किती खर्च झाला हें विचारणाऱ्यास दुसरी. आजचा संगणकशास्त्री हीच गोष्ट निराळ्या नांवानें शिकवितो.

आतां त्या कागदाची मांडणी पाहावी. कागदास उभ्या घड्या घालून कारकून रकाने पाडीत असे. घडी उलगडली तरी तिची खूण कागदावर राही, आणि आंकडा कोठून सुरू करावयाचा तें ती खूण सांगे. शाईची रेघ ओढण्याचेंही कारण नसे. मोडी लिहितांना तर आधीं कागदाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सरळ शिरोरेखा ओढावयाची, आणि मग तिला अक्षरें टांगीत जावयाचें. ओळ आधीं, मजकूर मागून. हिशेबाच्या कागदांत पुष्कळदां एकूण रक्कम वर येते, आणि तिच्या पोटांतील बाबी खालीं, एक पायरी आंत सरकवून, ‘पैकीं’ म्हणून मांडलेल्या असतात. त्या बाबीच्या पोटांत आणखी बाबी असल्या तर त्या आणखी आंत. झाडाच्या फांद्या खालीं लोंबाव्या तसा हा हिशेब दिसतो. आंकडा आधीं आणि तो कशाचा हें नंतर, अशीही रीत आहे. ज्याला फक्त बेरीज हवी त्यानें वरची ओळ वाचावी; ज्याला संशय आहे त्यानें खालीं उतरावें. मात्र लिहिणाऱ्यास याची किंमत द्यावी लागे. बेरीज वर लिहावयाची तर ती आधीं करून ठेविली पाहिजे. कच्चा कागद निराळा व पक्का कागद निराळा ठेविला पाहिजे. नवशिका आज्ञावली लिहिणारा नेमका येथेंच अडखळतो. तो एकेक बाब वाचतो तशी फाईलींत लिहितो, आणि शेवटीं त्याच्या ध्यानांत येतें कीं बेरीज वर हवी होती आणि वरची ओळ तर केव्हांच लिहून झाली.

पत्रांची मांडणी याहून कडक होती. कोणास कोणता मायना लिहावा, आशीर्वाद कीं नमस्कार, राजश्री कीं नुसतें नांव, याचे नियम ठरलेले होते, आणि ते उमेदवारास पाठ करावे लागत. हेमाडपंताच्या नांवावर चालणारीं मेस्तकें म्हणजे कारकुनी लेखनाच्या अशाच नियमांचा संग्रह होय. आजच्या वाचकास ‘विनंति उपरी येथील कुशल जाणून स्वकीय लिहीत जाणें’ हा ठराविक मजकूर पोकळ शिष्टाचार वाटतो. तो तसा नाहीं. घाईनें कागद चाळणाऱ्या माणसास त्यावरून पत्र कोणत्या पायरीच्या माणसानें कोणत्या पायरीच्या माणसास लिहिलें तें कळतें, आणि ‘विशेष’ या शब्दाशीं मुद्द्याचा मजकूर सुरू होतो हेंही कळतें. साच्यांतला ठराविक भाग ठरलेला असला म्हणजे रिकाम्या जागीं भरलेला भाग उठून दिसतो.

वर्षाचेंच पाहा. ‘सुरू सन समान सितैन मया व अलफ’ हे शब्द ऐकून आज कोणीही गोंधळेल. पण त्यांत आठ, साठ, शंभर व हजार अशीं चार स्थानें एककापासून वर चढत गेलीं आहेत. बेरीज ११६८. या सुहूर सनांत ५९९ मिळविले कीं इसवी सन १७६७ येतो. मृगाच्या सुमारास सुरू होणाऱ्या त्या वर्षाचा उत्तरार्ध १७६८ मध्यें पडतो. आंकडा खोडून बदलतां येतो, शब्द तितका सहज बदलतां येत नाहीं. हुंडीवर तर याहून अधिक सावधगिरी असे: रुपये शंभर, त्यांचे निमे पन्नास, त्यांचे दुप्पट पुरे शंभर, अशा धर्तीवर एकच रक्कम फिरवून फिरवून लिहीत. लबाडाला एक जागा बदलून भागत नसे. लांब कागद तुकडे चिकटवून केलेला असला तर सांध्यावर शिक्का येई, म्हणजे मधला तुकडा काढून दुसरा घालतां येऊं नये. आणि शेवटीं तारीख, मोर्तब, बार. कागद कोठें संपला हें कागदच सांगत असे. संपल्यानंतर कोणी एक ओळ वाढविली तर ती उघडी पडे.

ही सारी विद्या पुस्तकानें येत नसे. पोर प्रथम कित्ता गिरवी, मग कोणाच्या तरी हाताखालीं उमेदवार म्हणून बसे, नकला करी, आणि नकलांतून साचे हातांत भिनत. नक्कल करणाऱ्याला मजकूर कळलाच पाहिजे असें नव्हतें. मांडणी मात्र चुकतां कामा नये. ही पद्धत आपल्याला आज जाचक वाटते, आणि पुष्कळ अंशीं ती होतीही. तिच्यांतून स्वतंत्र बुद्धीचे लेखक निघाले नाहींत. पण ज्यांचे कागद अडीचशें वर्षांनीं परक्या माणसाला लावतां येतात असे कारकून निघाले, आणि दफ्तराला तेच हवे होते.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळांत या दफ्तराची दुर्दशा झाली. कारण केवळ आळस नव्हे. महाल मक्त्यानें देण्याची चाल वाढली. जो अधिक बोली करील त्याला वसूल. मग खेड्याचा बारकाईनें मांडलेला हिशेब हवा कोणाला? तो असणें मक्तेदारालाही अडचणीचें आणि मक्ता देणाऱ्यालाही. कारकुनांची संख्या ढासळली, कागद लोकांच्या घरीं गेले. मांडणी बिघडते ती बहुधा अशीच, वाचणारा नाहींसा झाला म्हणजे. १८१८ सालीं राज्य गेलें, आणि उरलेलें दफ्तर इंग्रजांच्या हातीं पडलें. त्यांनीं तें जपलें तें इतिहासाच्या प्रेमानें नव्हे. कोणाचें इनाम खरें आणि कोणाचें बनावट हें ठरविण्यास त्यांना तें पाहिजे होतें. १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दक्षिणेंतील घरोघरचीं जुनीं पत्रें तपासणीस निघालीं. ज्याच्या घरच्या सनदेचा मेळ दफ्तरांतील नोंदीशीं बसला त्याची जमीन राहिली. ज्याच्याजवळ फक्त वडिलांची आठवण होती, तारीख नाहीं, बार नाहीं, त्याचें म्हणणें कोण ऐकणार? अनेक घराण्यांचीं इनामें अशा चौकशींत खालसा झालीं.

पुढें हेंच दफ्तर इतिहासाच्या कामीं आलें. गणेश चिमणाजी वाड यांनीं रोजनिशींतून केलेले उतारे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत छापले जाऊं लागले. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड काढले. इतक्या थोड्या वर्षांत इतकें काम झालें याचें श्रेय रियासतकारांच्या दांडग्या उद्योगास आहेच. परंतु त्याचा एक वाटा त्या निनांवी कारकुनांसही दिला पाहिजे, कीं ज्यांनीं मायना, तारीख व विषय प्रत्येक कागदावर ठरल्या जागीं ठेविला होता. रुमाल सोडावा, कागद उलगडावा, आणि डोळा आपोआप योग्य जागीं जावा, अशी सोय त्यांनीं करून ठेविली होती.

आतां संगणकाकडे वळूं. त्याची मांडणीची परंपरा आपल्या घडीच्या कागदांतून आलेली नाहीं, ती भोंके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांतून आली. १९२८ पासून आयबीएम कंपनीच्या पत्त्यावर ८० उभे रकाने असत, आणि एका रकान्यांत एक अक्षर. एक इंग्रजी अक्षर, एक जागा. त्यांत वाद नव्हता. १९५७ सालीं फोरट्रान भाषा प्रचारांत आली तेव्हां तिच्यांत मांडणीसाठीं स्वतंत्र आज्ञा होती: हा आंकडा इतक्या जागांत, दशांशानंतर इतकीं स्थानें. १९७० नंतरच्या दशकांत सी भाषेनें तीच कल्पना आटोपशीर केली, आणि आज पुण्यांतील नवशिकीं मुलें जी पायथॉन शिकतात, ती १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेली भाषा, तिच्याही साच्यांत तेंच बीज आहे. ठराविक मजकूर लिहावयाचा, मध्यें महिरपी कंसांत रिकामी जागा सोडावयाची, आणि त्या जागेंत किती रुंदीचें काय बसवावयाचें तें सांगावयाचें. सनदेच्या साच्याशीं याचें साम्य उघड आहे. फरक रुंदी कशानें मोजावयाची एवढाच, आणि तोच मराठी मुलाला नडतो.

एक छोटा वाणसामानाचा हिशेब घेऊं: मध, गूळ, कुंकू. प्रत्येक शब्दास दहा जागांचा रकाना द्यावा आणि पुढें किंमत लिहावी, अशी आज्ञा केली. तिन्ही शब्द डोळ्यांस सारख्याच रुंदीचे, दोन दोन अक्षरांचे. पण संगणक अक्षर मोजीत नाहीं, तो चिन्हें मोजतो. ‘मध’ यांत दोन चिन्हें. ‘गूळ’ यांत ग, दीर्घ ऊकार व ळ अशीं तीन. ‘कुंकू’ यांत क, ऱ्हस्व उकार, अनुस्वार, पुन्हा क आणि दीर्घ ऊकार अशीं पांच. म्हणून तो पहिल्यापुढें आठ जागा रिकाम्या सोडतो, दुसऱ्यापुढें सात, तिसऱ्यापुढें पांच. उकार अक्षराच्या खालीं बसतो, अनुस्वार डोक्यावर. त्यांना आडवी जागा लागत नाहीं. परिणामीं किमतींचा रकाना वांकडातिकडा होतो. ‘लक्ष्मी’ या शब्दास संगणक सात चिन्हें मोजतो. कारण त्यांत पाय मोडण्याची खूण दोनदां येते आणि ती छापील अक्षरांत दिसतही नाहीं. इंग्रजी नांवांचा हिशेब घेतला असता तर एकही आंकडा हलला नसता. मराठी मुलाला वाटतें आपली आज्ञा चुकली. आज्ञा बरोबर असते. जिच्या पोटीं ती जन्मली त्या पुठ्ठ्याच्या पत्त्याला उकार ठाऊक नव्हता.

यास उपाय आहेत. अक्षरसमूह ओळखून मोजणारीं साधनें आतां मिळतात, पण अक्षरांचीही रुंदी सारखी नसते. ‘ज्ञ’ आणि ‘र’ एका मापाचे कसे होतील? माझ्या मतें अधिक शहाणपणाचा मार्ग दफ्तराच्या घडीचा आहे. कारकून अक्षरें मोजून रकाना ठरवीत नसे. रकान्याची हद्द तो आधीं ठरवी, आणि मजकूर कितीही लांब-आखूड असला तरी पुढचा आंकडा घडीपासून सुरू करी. संगणकांत घडीचें काम एखादें हद्दीचें चिन्ह करूं शकतें. दोन बाबींमध्यें स्वल्पविराम किंवा टॅबची खूण घालून फाईल लिहावी, आणि रकाने सरळ दाखविण्याचें काम ती फाईल उघडणाऱ्या कोष्टकाच्या आज्ञावलीवर सोंपवावें. एवढें मात्र संभाळावें कीं मजकुरांत स्वतःचा स्वल्पविराम असेल तर तो अवतरणांत घालावा, नाहीं तर ‘मध, शुद्ध’ याचे दोन रकाने होतात.

दुसरी अडचण लिपीच्या संकेताची, आणि ती पहिलीहून गंभीर आहे. फाईलींत अक्षरें नसतात, आंकडे असतात. कोणता आंकडा कोणत्या अक्षराचा हें कोष्टक निराळें असतें. १९८८ सालीं पुण्यांत सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि भारतीय लिपी संगणकावर आणण्याचें मोठें काम तिनें केलें. १९९१ सालीं इस्की नांवाचें भारतीय प्रमाण ठरलें. त्याच वर्षीं निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरी होती. असें असूनही पुढचीं पंधरा-वीस वर्षें मराठींतलें पुष्कळसें छपाईचें व कचेरीचें लेखन निरनिराळ्या टंकांच्या निरनिराळ्या संकेतांनीं चाललें. प्रत्येक टंकाचें कोष्टक वेगळें, आणि फाईलींत तें कोष्टक लिहिलेलें नाहीं. तो टंक यंत्रावर असला तर पानभर मराठी दिसे. नसला तर त्याच पानावर इंग्रजी अक्षरांचा व विरामचिन्हांचा कचरा. अशा फाईली अजून ठिकठिकाणीं पडून आहेत. कोणाचीं पुस्तकें, कोणाचीं अंकांचीं मुद्रितें, कोणाचे संस्थेचे ठराव त्यांत असतील. मोडी वाचणारा माणूस विरळा झाला म्हणून आपण हळहळतों, आणि त्याची सोय करण्यासाठीं १९१० पासून उभें असलेलें भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्गही चालवितें. पण मोडीचा कागद निदान आपण मोडींत आहों हें दिसूं देतो. टंकाच्या फाईलीला तेंही सांगतां येत नाहीं.

म्हणून आजच्या नवशिक्यास पहिली गोष्ट सांगावयाची ती ही, कीं फाईल उघडतांनाच तिचा संकेत यूटीएफ-८ असा स्पष्ट नेमून द्यावा. १९९२ सालीं केन टॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं आंखलेल्या या रीतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन घरें व्यापतें. म्हणजे ‘कुंकू’ला पंधरा घरें लागतात. संकेत न नेमतां फाईल उघडली तर कांहीं यंत्रें आपल्या जुन्या सवयीचा इंग्रजी संकेत धरतात, आणि मराठी अक्षर आलें कीं आज्ञावली मध्येंच बंद पडते. ती बंद पडली तर सुदैव समजावें. कांहीं जागीं ती बंद न पडतां अक्षरांच्या जागीं प्रश्नचिन्हें लिहून मोकळी होते, आणि मग मूळ मजकूर परत मिळत नाहीं.

दुसरी सूचना फाईल कोणत्या हेतूनें उघडावयाची याची. पायथॉनमध्यें डब्ल्यू या अक्षरानें फाईल उघडली तर तींत आधीं जें कांहीं असेल तें त्याच क्षणीं पुसलें जातें, पुढें एक अक्षर लिहा अगर न लिहा. ए या अक्षरानें उघडली तर नवा मजकूर जुन्याच्या शेवटीं जोडला जातो. रोजकीर्द ही दुसऱ्या प्रकारची होती: आजची नोंद कालच्या खालीं, कालची तशीच. आणि लिहून झाल्यावर फाईल मिटावी. तोंपर्यंत कांहीं मजकूर यंत्राच्या हंगामी स्मरणांतच असतो, वीज गेली तर तोही जातो. ओळ बदलण्याची खूणही आपणच घालावी लागते. ती विसरणाऱ्याचा सारा हिशेब एका लांबलचक ओळींत येतो आणि, शब्दांत जागा न सोडणाऱ्या मोडीसारखा, वाचणाऱ्याची परीक्षा पाहतो.

जुन्या हिशेबांतील पाव, निम्मे व पाऊण यांसाठीं उभ्या रेघा आणि आण्यांसाठीं आडव्या रेघा आपल्या आजोबा-पणजोबांच्या वह्यांतून आपण पाहिल्या आहेत. त्या चिन्हांस युनिकोडनें २००९ सालीं जागा दिली, आणि मोडी लिपीस २०१४ सालीं. मोडीच्या एका चिन्हास यूटीएफ-८ मध्यें चार घरें लागतात, देवनागरीहून एक अधिक. तेव्हां माधवरावांच्या काळची एखादी नोंद तिच्या पाव-निम्म्यासह मोडींतच एका साध्या फाईलींत लिहिणें आज पुण्यांतल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास शक्य आहे. मोडीचा टंक मात्र यंत्रावर घालावा लागतो. तो नसेल तर ओळभर रिकामे चौकोन दिसतात. अक्षरें त्यांच्यामागें शाबूत असतात, आणि टंक घातल्याबरोबर तीं पुन्हा दिसूं लागतात.